घडीचा ट्रेलर : अमेरिकेतल्या एका स्वस्त गाडीचा इतिहास

घडीचा ट्रेलर ही मोटारीच्या मागे जोडायची दोन चाकांची उघडी गाडी आहे. अमेरिकेत ती सुट्या भागांच्या स्वरूपात खोक्यांतून विकली जाते. घेणारा घरी नट-बोल्ट आवळून ती उभी करतो आणि काम झाले की मधोमध दुमडून गॅरेजच्या भिंतीला टेकवतो. साधारण 500 ते 800 किलो माल ती ओढते. ज्याच्याकडे फक्त छोटी मोटार आहे, त्यालाही माती, लाकूड, फर्निचर, गवत कापायचे यंत्र तिच्यामुळे नेता येते. शंभर वर्षांत ही सोय इतकी स्वस्त झाली, त्यामागे मुख्य कारण एकच दिसते: प्रत्येक टप्प्यावर कारागिराच्या कामाचा थोडा वाटा गिऱ्हाइकाने स्वतःच्या अंगावर घेतला.

फोर्डची मॉडेल टी 1908 साली बाजारात आली आणि 1927 पर्यंत दीड कोटी गाड्या तयार झाल्या. या गाडीत घरची माणसे बसत, पण धान्याची पोती आणि कुंपणाचे खांब मावत नसत. शेतकऱ्यांनी उपाय काढला तो मोडीतल्या मोटारींतून. जुन्या गाडीचा आस चाकांसकट काढायचा, त्यावर लाकडी पेटी बसवायची, पुढे दांडी जोडायची, की ट्रेलर तयार. यात लोहाराची मदत लागे आणि काही लोहारांना त्यातून नवा धंदाच सापडला. डेट्रॉइटच्या ऑगस्ट फ्रुहॉफ या लोहाराकडे 1914 साली फ्रेडरिक सिबली नावाचा लाकडाचा व्यापारी आला. त्याला आपली नाव मॉडेल टीमागून न्यायची होती. फ्रुहॉफने तशी गाडी करून दिली. ती पसंत पडल्यावर सिबलीने लाकूड वाहायलाही ट्रेलर मागवले. पुढे फ्रुहॉफ हे मालवाहू ट्रेलरच्या धंद्यातले फार मोठे नाव झाले.

दुसऱ्या महायुद्धाने छोट्या ट्रेलरला कारखान्यातली शिस्त दिली. पेनसिल्व्हेनियातल्या बटलर गावच्या अमेरिकन बँटम कंपनीने 1940 साली लष्करासाठी पहिली जीप तयार केली, पण मोठी कंत्राटे विलीज आणि फोर्ड यांच्याकडे गेली. बँटमच्या वाट्याला मुख्यतः जीपमागचा पाव टनी ट्रेलर आला. त्याची पोलादी पेटी पाणी आत न शिरेल अशी बांधलेली होती, त्यामुळे ओढा-नदी ओलांडताना तो तरंगे. युद्ध संपल्यावर असे लष्करी ट्रेलर शिलकी मालात विकले गेले आणि अनेक शेतांवर कामाला लागले.

त्याच सुमारास ट्रेलर भाड्याने देण्याचा व्यवसाय रूप घेऊ लागला. नौदलातून सुटलेला लिओनार्ड शोएन आणि त्याची पत्नी अ‍ॅना मेरी 1945 साली लॉस एंजेलिसहून पोर्टलंडच्या बाजूला राहायला निघाले. एका शहरात घेऊन दुसऱ्या शहरात सोडता येईल असा ट्रेलर त्यांना भाड्याने मिळेना. मोटारीत मावले तेवढेच सामान घेऊन त्यांना जावे लागले. या अडचणीतून त्यांनी वॉशिंग्टन राज्यातल्या रिजफील्ड गावी 5000 डॉलरच्या भांडवलावर यू-हॉल सुरू केली. पेट्रोलपंपांच्या आवारात नारिंगी ट्रेलर उभे राहू लागले. भाडे दिवसाला 2 डॉलर. स्वतंत्र दुकाने न उघडता पंपवाल्यांनाच अडत्ये केल्यामुळे जाळे झपाट्याने पसरले. अमेरिकेत घर बदललेल्या मराठी कुटुंबांनाही हे नारिंगी ट्रेलर चांगले ओळखीचे आहेत. सामान भरणे, ते बांधणे आणि गाडी हाकणे ही हमाल-ट्रकवाल्याची कामे या व्यवस्थेत गिऱ्हाइकानेच करायची होती. 1956 च्या कायद्याने आंतरराज्य महामार्गांचे मोठे काम हाती घेतले गेले आणि असा प्रवास आणखी सोपा झाला.

ट्रेलरच्या मापाची गोष्ट मात्र प्लायवुडपासून सुरू होते, आणि ती सहसा सांगितली जात नाही. पोर्टलंडच्या एका कारखान्याने 1905 च्या तिथल्या प्रदर्शनात डग्लस फर लाकडाचे पातळ थर चिकटवून केलेले तक्ते मांडले. त्यांना सुरुवातीला मागणी आली ती दारे करणाऱ्यांकडून. 1928 मध्ये 8 बाय 4 फुटांचा तक्ता बांधकामासाठी प्रमाण मापाचा म्हणून बाजारात आला. 1934 साली वॉशिंग्टन राज्यातल्या हार्बर प्लायवुड कंपनीत जेम्स नेव्हिन याने पाण्याने न सुटणारा सरस तयार केला आणि प्लायवुड उघड्यावर वापरण्याजोगे झाले. घरांच्या भिंती, छपरे, फरशीखालचे थर या मापाभोवती आखले जाऊ लागले. आपल्याकडच्या सुतारालाही ‘आठ-चारची शीट’ वेगळी समजावून सांगावी लागत नाही. घर दुरुस्त करणाऱ्याला सर्वांत जास्त वेळा आणावी लागते ती हीच शीट, आणि ती मोटारीत मावत नाही. म्हणून स्वस्त ट्रेलरची चौकट 8 बाय 4 ची झाली. खोक्यात फक्त लोखंड येते; तळाचा तक्ता घेणाऱ्याने जवळच्या वखारीतून आणायचा.

उरला प्रश्न जागेचा. युद्धानंतर शहरांबाहेर वसलेल्या अनेक वसाहतींच्या नियमावलीत घरापुढे ट्रेलर उभा करायला मनाई असते. गॅरेज आधीच मोटारीने आणि अडगळीने भरलेले. वर्षातून मोजक्या वेळा लागणाऱ्या वस्तूसाठी 32 चौरस फूट कोण अडवून ठेवणार? म्हणून चौकट मधोमध तोडून बिजागरीने जोडली गेली. मागचा भाग पुढच्यावर दुमडायचा, सगळे उभे करायचे आणि खालच्या छोट्या फिरत्या चाकांवर ढकलत कोपऱ्यात न्यायचे. उभा ट्रेलर दोन फूट बाय सव्वापाच फुटांच्या आसपास जागा घेतो. यासाठी तळाचा प्लायवुडही मधोमध कापून 4 बाय 4 चे दोन तुकडे करावे लागतात.

सुटे भाग टपालाने मागवून स्वतः जोडण्याची सवय अमेरिकनांना जुनीच. सिअर्स कंपनीने 1908 ते 1940 या काळात संपूर्ण घरे अशी विकली. कापून तयार केलेली लाकडे रेल्वेने येत. 1977 साली दक्षिण कॅलिफोर्नियात टपालाने हत्यारे विकण्यासाठी निघालेली हार्बर फ्रेट ही त्याच वाटेवरची कंपनी. तिच्या ‘हॉल-मास्टर’ छापाचा घडीचा ट्रेलर या प्रकारातला सर्वांत ओळखीचा मानला जातो. जोडणीची मजुरी वाचते, आणि चपट्या खोक्यांत माल भरल्याने वाहतुकीचा खर्चही उतरतो.

जोडणीचे काम अवघड नाही, पण त्यात घाई चालत नाही. आधी सपाट जागेवर चौकटीचे तुकडे मांडून बोल्ट हातानेच सैल बसवतात. दोन्ही कर्ण मोजून चौकट काटकोनात आली की मगच पान्याने आवळतात. मग पाटे, यू-बोल्टने धरलेला आस, चाके. बेअरिंगमध्ये येताना असलेले तेल किंवा ग्रीस बहुधा गंजापासून बचाव करण्यापुरते असते. जाणकार ते पुसून टाकतात, तळहातावर ग्रीसचा गोळा घेऊन बेअरिंगची कड त्यात दाबत राहतात आणि दुसऱ्या बाजूने ग्रीस बाहेर आल्याशिवाय थांबत नाहीत. छोटे चाक मोटारीच्या चाकापेक्षा अधिक फेरे घेते, त्यामुळे कोरडे बेअरिंग महामार्गावर तापून जाते.

दिव्यांच्या चार तारांना ठरलेले रंग असतात: तपकिरी मागच्या दिव्यांची, पिवळी डाव्या आणि हिरवी उजव्या इशाऱ्याची व ब्रेकची, पांढरी अर्थिंगची. दिवे मिणमिणले किंवा भलतेच लागले तर दोष बहुतेक वेळा पांढऱ्या तारेचा निघतो, कारण तिचा स्क्रू रंगावर बसवलेला असतो. तेवढी जागा घासून चकचकीत केली की काम होते.

माल भरताना साठ टक्क्यांच्या आसपास वजन आसाच्या पुढे ठेवतात, म्हणजे एकूण भाराचा दहा ते पंधरा टक्के भाग मोटारीच्या हुकावर येतो. वजन मागे गेले तर वेग वाढताच ट्रेलर शेपटीसारखा झुलतो आणि मोटारही ओढली जाते. दांडीच्या दोन साखळ्या एकमेकींना छेद देऊन अडकवतात; हूक सुटला तर दांडी रस्त्यावर न आपटता त्या झोळीत पडते.

नोंदणीचे नियम राज्यागणिक बदलतात. काही राज्यांत हलक्या ट्रेलरला मालकीपत्र लागत नाही. जिथे लागते तिथे खोक्यासोबत आलेले उत्पादकाचे प्रमाणपत्र कार्यालयात द्यावे लागते आणि चौकटीवरच्या पट्टीचा ओळखक्रमांक त्याच्याशी जुळावा लागतो. 1981 च्या मॉडेलपासून हा क्रमांक 17 अक्षर-अंकांचा असतो. जुन्या आसावर घरीच बांधलेल्या ट्रेलरवर असा क्रमांक नसतो; त्याची बऱ्याच राज्यांत तपासणी होते आणि मग राज्यच त्याला क्रमांक देते.