पांच महिने आणि पांच वर्षें

१८६२ सालीं अध्यक्ष लिंकन यांनीं होमस्टेड कायद्यावर सही केली आणि अमेरिकेंत १६० एकर सरकारी जमीन अल्प शुल्कांत मिळूं लागली. अट मात्र कठोर होती : तेथें घर बांधून पांच वर्षें राहावयाचें व जमीन कसावयाची. अनेकांना ती पुरी करतां आली नाहीं.

२००१ सालीं तीन आधुनिक कुटुंबें मोंटाना राज्यांत १८८३ सालच्या वसाहतकारांप्रमाणें राहावयास गेलीं. त्यांची हकीकत 'फ्रंटियर हाउस' या नांवानें २००२ मध्यें दूरचित्रवाणीवर दाखविण्यांत आली. लांकडी खोपट, चुलीवरचा स्वयंपाक, दुभती गाय, हातानें केलेली शेती असा तो संसार होता. सुमारें पांच महिन्यांनीं जाणत्यांनीं त्यांची परीक्षा घेतली ती मुख्यतः एका गोष्टीवरून : हिवाळ्यापुरतें सरपण व वैरण सांठली आहे काय?

परीक्षा होतांच तीं कुटुंबें घरीं परतलीं. मूळ वसाहतकाराला ती सोय नव्हती. १८८६-८७ च्या हिवाळ्यांत मोंटानांत गुरांचे कळपच्या कळप मेले. शिवाय ती भूमि रिकामी नव्हती. मूळ रहिवाशांना राखीव प्रदेशांत कोंडून ती मोकळी करण्यांत आली होती.

त्या पांच महिन्यांत कष्टांची ओळख पटली असेल. परतीची वाट नसल्याची भीति मात्र कळणें शक्य नव्हतें.