रोलां, मादाम

रोलां, मादाम : (१७ मार्च १७५४–८ नोव्हेंबर १७९३). फ्रेंच राज्यक्रांतीतील जिराँदिस्त गटाची प्रभावी सूत्रधार व आत्मवृत्तलेखिका. माहेरचे नाव मारी-झान फ्लिपाँ. जन्म पॅरिस येथे, धातूवर कोरीवकाम करणाऱ्या कारागिराच्या घरी. प्लूटार्कच्या चरित्रांचे तिला बालपणापासून वेड होते. चर्चमध्ये प्रार्थनापुस्तकाऐवजी ती तोच ग्रंथ नेत असे. पुढे रूसोच्या विचारांचा तिच्यावर खोल ठसा उमटला.

सरकारी उद्योग-निरीक्षक झां-मारी रोलां याच्याशी १७८० मध्ये तिचा विवाह झाला. तो तिच्याहून वीस वर्षांनी मोठा होता. त्याच्या लेखनात व पत्रव्यवहारात तिचा मोठा वाटा असे. १७९१ मध्ये पॅरिसला आल्यावर तिच्या घरी ब्रिसो, पेत्याँ, ब्यूझो हे क्रांतिनेते आणि आरंभी रोबेस्प्येअरही जमत. या बैठकींत ती बाजूच्या मेजाशी पत्रे लिहीत किंवा शिवणकाम करीत बसे आणि चर्चेत सहसा तोंड घालीत नसे. स्त्रियांनी उघड राजकारण करण्याची वेळ अजून आलेली नाही, असे तिचे मत होते.

मार्च १७९२ मध्ये रोलां गृहमंत्री झाला. सोळाव्या लूईने दोन ठरावांना संमती नाकारली, तेव्हा त्याला खडे बोल सुनावणारे पत्र मंत्र्याच्या सहीने गेले. मजकूर तिचा होता. १३ जून रोजी रोलांला बडतर्फ करण्यात आले. विधिमंडळात ते पत्र वाचले गेले व छापून सर्व प्रांतांत धाडले गेले. ऑगस्टमध्ये राजसत्ता कोसळल्यावर रोलां पुन्हा मंत्री झाला. तिचा पडद्यामागचा हा कारभार विरोधकांना ठाऊक होता. रोलांला मंत्रिपदी राहण्याची विनंती करायची, तर ती त्याच्या पत्नीलाही करा, असा टोमणा क्रांतिनेता दांताँ याने भर सभागृहात मारला.

जिराँदिस्तांच्या पाडावाच्या वेळी, १ जून १७९३ रोजी तिला अटक झाली. २४ जूनला तिची सुटका झाली. पण घरी पोहोचताच तिला पुन्हा पकडण्यात आले. तुरुंगात तिने आत्मवृत्त लिहिले. आयुष्यभर पतीच्या सहीआड राहिलेल्या या लेखणीने येथे प्रथमच स्वतःची बाजू स्वतःच्या नावाने मांडली. क्रांतिकारी न्यायाधिकरणाने तिला मृत्युदंड दिला व त्याच दिवशी गिलोटीनखाली तिचा शिरच्छेद झाला. ती बातमी कळताच भूमिगत असलेल्या रोलांने रूआँजवळ आत्महत्या केली. तिचे लेखन मित्र बोस्क याने लपवून जपले व १७९५ मध्ये प्रसिद्ध केले. क्रांतिकाळाच्या अभ्यासात ते आजही महत्त्वाचे साधन मानले जाते.