पाहुण्याचें धोतर

कोल्हापुराहून बेळगांवच्या वाटेला लागलेल्या वाटसरूला भेटणारें पहिलें मोठें गांव म्हणजे कागल. घाटग्यांच्या जहागिरीचें हें ठिकाण पुणें-बंगळूर रस्त्यावर वसलें असून दुधगंगा तेथून जवळच वाहते. आज मोटारीनें हें वीस किलोमीटरांचें अंतर अर्ध्या तासांत तुटतें. परंतु बैलगाडीच्या काळांत येथें मुक्काम पडणें साहजिक होतें, आणि मुक्काम पडला कीं धुळीनें माखलेल्या धोतराचा प्रश्न उभा राही. इतिहास लिहिणारे लढाया नि तह टिपतात. प्रवासांतला माणूस स्वच्छ वस्त्र कोठून आणी आणि त्याबद्दल त्याला काय मोजावें लागे, हें टिपण्याची तसदी सहसा कोणी घेत नाहीं.

गांवांत ज्याच्या ओळखीचें कोणी नसे, त्याचा मार्ग सरळ होता. दोन धोतरें बरोबर घ्यावयाचीं; एक अंगावर, दुसरें वाळत. रिठे भिजत घालून त्यांचा फेस काढावा, नदीच्या दगडावर धोतर आपटावें, पिळावें आणि वाऱ्यावर धरावें. रोकड खर्च जवळजवळ शून्य. रेशमी वस्त्राला रिठा चांगला मानवतो. सुती धोतराचा घामट पिवळेपणा मात्र तो पुरता घालवीत नाहीं. त्याला परटाची भट्टीच हवी.

आणि भट्टी म्हणजे घटकाभराचें काम नव्हे. कपडे खाराच्या पाण्यांत बुचकळावयाचे, मोठ्या भांड्यावर रचावयाचे, खालीं जाळ घालून त्यांना रात्रभर वाफ द्यावयाची. नंतर ते नदीवर आपटणें, खळबळणें. मग नीळ, मग कांजी, मग ऊन, आणि शेवटीं कोळशाची इस्त्री. दोन-तीन दिवस त्यांत सहज जात. उजाडतां उजाडतां पुढें निघणाऱ्या वाटसरूपाशीं पैशाच्या आधीं वेळच नसे.

ज्याचा सोयरा गांवांत असे त्याची गोष्ट वेगळी. त्याचें धोतर मुकाट्यानें यजमानाच्या गाठोड्यांत पडे आणि परीटघडी होऊन परत येई. पाहुण्याला पैसा द्यावा लागत नसे. यजमानालाहि लागत नसे. याहून स्वस्त धुणें जगांत कोठें मिळावें? मग त्याची किंमत दिली तरी कोणीं?

त्याचें उत्तर बलुत्यांत आहे. मोल्सवर्थच्या कोशांत बलुतेदारांच्या तीन ओळी सांगितल्या आहेत. त्यांत परीट मधल्या ओळींत, कुंभार, चांभार आणि न्हावी यांच्या पंक्तीला बसतो. वर्षभर धुणें धुवावें आणि सुगीला खळ्यावर आपला वांटा घ्यावा, हा करार. हा वांटा पिकावर आणि घरावर ठरे, कपड्यांच्या संख्येवर नव्हे. म्हणून घरीं चार पाहुणे आले तरी परटाच्या पदरीं एक पसा धान्य अधिक पडत नसे. ओझें तेवढें वाढे. पीक बुडालें तर त्याचा वांटाहि बुडे; धुणें मात्र बुडत नसे. पाहुणचाराचा लौकिक यजमानाचा झाला खरा, पण त्यांतला एक भाग परटाच्या पाठीवरून आला होता.

यांतला दुसरा चमत्कार असा कीं, ज्याच्या हातानें कपडा शुभ्र झाला त्याच्याच हातानें तो विटाळला असें मानणारीं घरें होतीं. परटाकडून आलेलें धोतर सोवळ्याला चालत नसे. तें पुन्हा पाण्यांतून काढून, कोणाचा स्पर्श न होऊं देतां वाळवावें लागे. आणि लग्नांत नवरानवरीच्या पावलांखालीं पायघड्या घालण्याचा मान? तो त्याच परटाचा. या दोन्ही चाली एकाच घरांत सुखानें नांदत, आणि त्यांचा मेळ कसा बसतो हें कोणी विचारीत नसे! परटाच्याच कुळांत, १८७६ सालीं, वऱ्हाडांतील शेंडगांवीं जन्मलेल्या गाडगे महाराजांनीं पंढरपूर, नाशिक, आळंदी येथें यात्रेकरूंसाठीं धर्मशाळा उभारल्या. प्रवाशाचें फुकटचें धुणें पिढ्यान् पिढ्या ज्यांनीं धुतलें, त्यांच्यांतलाच एक पुरुष त्याला छप्परहि देऊन गेला.

कागलच्याच घाटगे घराण्यांतून १८८४ सालीं कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेलेल्या शाहू छत्रपतींनीं १९१८ सालीं आपल्या संस्थानांत बलुतेदारीचें बंधन काढून टाकलें. वाडवडिलांचा धंदा ज्याला नको असेल त्यानें तो सोडावा, ही मोकळीक त्यांत होती. हुकूम निघाला म्हणून चाल एका दिवसांत मोडत नाहीं. खळ्यावरचा वांटा कित्येक गांवीं पुढेंहि चालू राहिला. परंतु कपडे मोजून पैसे मागणें हा परटाचा उद्धटपणा नव्हे, ही गोष्ट हळूहळू लोकांच्या अंगवळणी पडली.

मुंबईत ती आधींच पडलेली होती, कारण तेथें कोणी कोणाचा बलुतेदार नव्हता. धोबी तलावाचें तळें बुजलें, नांव तेवढें उरलें. महालक्ष्मी स्थानकाजवळचा घाट मात्र अजून चालतो. अनोळखी माणसांचे हजारों कपडे एकत्र धुवावयाचे म्हणजे ओळख पटण्याची सोय हवी. ती बिब्ब्यानें केली. बिब्ब्याच्या तेलाची खूण चुन्यानें पक्की केली कीं भट्टी, खार, आपटणें या सर्वांतून ती सुखरूप बाहेर पडते. गांवच्या परटाला गिऱ्हाइकाचें घर ठाऊक असे. शहरच्या धोब्याला धोतराच्या कोपऱ्यांतला ठिपका ठाऊक असतो. पण त्या ठिपक्यामुळें कपडा मोजला जाऊं लागला, आणि मोजलेल्या कपड्याचे दाम मागतां येतात.

पुढें विलायती साबण आला. सनलाइटच्या वड्या १८८८ सालीं कलकत्त्याच्या बंदरांत उतरल्या. १९५९ नंतर सर्फची पूड घरोघर पोंचली, आणि प्रवासी पुन्हा एकदां आपलें धुणें आपणच धुऊं लागला, नदीऐवजीं उतारूगृहाच्या बादलींत. आषाढांत मात्र त्याची स्थिति दुधगंगेच्या कांठच्या जुन्या वाटसरूसारखीच होते. कोल्हापूरच्या बाजूला पाऊस एकदां लागला म्हणजे दोरीवरचा सदरा तीन दिवस ओलाच राहतो, त्याला कुबट वास येतो, आणि शेवटीं तो गुंडाळून इस्त्रीवाल्याकडे न्यावाच लागतो. तेथें तो नगावर पैसे घेतो, आणि पावसाळ्यांत थोडे जास्त मागितले तरी कोणी घासाघीस करीत नाहीं.