भंडारदरा परिसर

भंडारदरा : अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्याच्या अकोले तालुक्यातील, सह्याद्रीच्या माथ्यालगतचे धरणस्थळ व मुक्कामाचे ठिकाण. समुद्रसपाटीपासून उंची सुमारे ७५० मी. जवळचे मोठे रेल्वे स्थानक इगतपुरी. तेथून घोटी, बारी या मार्गाने रस्ता येतो. धरणाजवळचे वस्तीचे व बाजारहाटाचे गाव म्हणजे शेंडी. तालुक्याच्या या पश्चिम पट्ट्याला डांगाण म्हणतात. महादेव कोळी व ठाकर समाजांची येथील वस्ती भात, नागली, वरई यांची शेती करते, हिरडा गोळा करते आणि मुसळधार पावसाला न बधणारी डांगी गुरे पाळते.

परिसराचे आजचे रूप धरणाने घडवले. प्रवरा नदीवरील या दगडी धरणाचे काम १९१० मध्ये सुरू झाले आणि १९२६ मध्ये पुरे झाले. मुंबईचे तत्कालीन गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्यावरून त्याला विल्सन धरण हे नाव पडले. भिंतीची उंची सुमारे ८२ मी. असून बांधले गेले तेव्हा ते देशातील सर्वांत उंच धरणांत मोजले जाई. जलाशयाची क्षमता सुमारे ११ टीएमसी (अब्ज घनफूट). १९६९ मध्ये भिंतीला तडे गेल्याचे आढळले, तेव्हा मागच्या बाजूने दगडी टेकू देऊन ती बळकट करण्यात आली. खालच्या बागेतून पाहिले की हे टेकू स्पष्ट दिसतात. धरणातून पाणी सोडले की ते खडकावर आपटून छत्रीसारखे पसरते. हाच ‘अंब्रेला फॉल’. पर्यटक त्याला निसर्गाची करामत समजतात; प्रत्यक्षात तो पाटबंधारे खात्याच्या वेळापत्रकाप्रमाणे वाहतो.

हे पाणी मात्र येथे फारसे थांबत नाही. कालव्यांतून ते संगमनेर, राहाता, श्रीरामपूर या भागांत जाते. लोणीजवळ प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना उभा राहिला, तो याच पाण्यावर पिकलेल्या उसाच्या जोरावर. उगमाकडच्या वाड्यांतल्या बायकांना मात्र उन्हाळ्यात हंडा घेऊन लांब जावे लागते. भंडारदऱ्याची बहुतेक वर्णने ही बाजू गाळतात. ती सांगितल्याशिवाय या तलावाची नोंद पुरी होत नाही.

जलाशयाला वळसा घालणारा रस्ता शेंडीहून मुरशेत, पांजरे, उडदावणे, घाटघर, साम्रद, रतनवाडी, मुतखेल असा फिरून परत शेंडीला येतो. पाहण्याजोगे बहुतेक सारे या रस्त्यावर किंवा त्याला फुटलेल्या पायवाटांवर आहे.

रतनवाडीचे अमृतेश्वर मंदिर हे परिसरातील सर्वांत मोलाचे वास्तुशिल्प. गोदावरी ते भीमा या पट्ट्यातील नद्यांच्या उगमांशी झंज नावाच्या राजाने बारा शिवालये बांधली, त्यांपैकी हे एक, अशी परंपरा सांगते. लोक त्याला सरसकट हेमाडपंती म्हणतात. शिखराची घडण पाहता मात्र ते अंबरनाथ, सिन्नर येथील मंदिरांच्या भूमिज परंपरेतले आहे, म्हणजे ज्याच्यावरून ‘हेमाडपंती’ हे नाव आले त्या हेमाद्रीच्या काळाच्या आधीचे. शिखरावर लहान शिखरांच्या आडव्या-उभ्या ओळी आणि मधून वर चढत जाणारे कोरीव पट्टे. मंडपाच्या खांबांवर व छतावर बारीक नक्षी. पावसाळ्यात गाभाऱ्यात पाणी साचून पिंडी बुडते. जवळच कोनाड्यांत मूर्ती असलेली पायऱ्यांची पुष्करणी आहे. वास्तू भारतीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. घाईच्या सहलींत या मंदिराला मिळणारी दहा मिनिटे फारच तोकडी. नुसत्या मंडपाच्या खांबांनाच तास हवा.

मंदिरामागून रतनगडाची वाट निघते. उंची सुमारे १,२९७ मी. प्रवरेचा उगम याच डोंगरात होतो, त्यामुळे सुरुवातीची चाल तिच्याच पात्राच्या काठाने होते. पुढे दाट रान लागते. त्यात एका ठिकाणी कात्राबाईच्या खिंडीकडे, म्हणजे हरिश्चंद्रगडाकडे जाणारी वाट फुटते आणि नवखे तेथे चुकतात. कड्याला लावलेल्या लोखंडी शिड्या चढल्यावर गणेश दरवाजा येतो. वर राहण्याजोग्या गुहा, रत्नादेवीचे ठाणे, खडकात खोदलेली टाकी आणि हनुमान, कोकण व त्र्यंबक हे आणखी तीन दरवाजे आहेत. गडाची खरी ओळख म्हणजे माथ्यावरचे नेढे, खडकाला आरपार पडलेले भोक. त्यात बसले की एकीकडे कळसूबाई, अलंग, मदन, कुलंग ही रांग आणि दुसरीकडे आजोबाचा डोंगर दिसतो. वारा इतका असतो की टोपी हातात धरावी. गडाशेजारचा ‘खुटा’ हा सुळका दुरूनही ओळखू येतो. त्र्यंबक दरवाज्याने उतरून साम्रदला जाता येते. ती वाट लांबची, पण आल्या वाटेने परतण्यापेक्षा सरस आहे.

साम्रदजवळ सांदण दरी आहे. बेसाल्टच्या पठाराला पडलेल्या या अरुंद भेगेत काही ठिकाणी दोन्ही भिंतींना एकाच वेळी हात टेकतात, तर वर भिंती दीड-दोनशे फुटांपर्यंत चढतात. वाटेत पाण्याचे डोह लागतात. डोह ओलांडून पुढच्या मोकळ्या टप्प्यापर्यंत जाऊन परतणे साधारण चालणाऱ्याला जमते. त्यापुढे कोकणात उतरायचे तर दोर, सामान आणि जाणता वाटाड्या लागतो. पावसाळ्यात दरीत उतरणे म्हणजे जीव धोक्यात घालणे, कारण दूरवर पडलेल्या सरीचा लोंढाही याच भेगेतून जातो.

घाटघरला पठार संपते आणि कोकणकडा सुरू होतो. येथील २५० मेगावॉटचा उदंचन जलविद्युत प्रकल्प २००८ मध्ये सुरू झाला. विजेची मागणी कमी असताना खालच्या, शहापूर तालुक्यातील जलाशयातून पाणी चारशे मीटरहून अधिक उंच चढवायचे आणि मागणी वाढली की तेच खाली सोडून वीज मिळवायची, असे त्याचे काम चालते.

कळसूबाई (१,६४६ मी.) हे महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर. नेहमीची वाट बारी गावातून जाते. अवघड टप्प्यांवर शिड्या व रेलिंग आहेत. माथ्यावर देवीचे छोटे देऊळ आहे. कळसू ही कोळ्याची पोर. केर काढणार नाही, भांडी घासणार नाही, या अटीवर ती एका घरी कामाला राहिली. पुढे तीच कामे तिच्या गळ्यात पडली, तेव्हा ती घर सोडून डोंगरावर गेली आणि तेथेच राहिली, अशी कथा आहे. नवरात्रात येथे जत्रा भरते. नवस फेडायला आलेल्या म्हाताऱ्या अनवाणी चढत असतात आणि बुटांतली तरुण मंडळी त्यांच्या मागे धापा टाकत असते. रविवारी शिड्यांवर रांगा लागतात. शक्यतो आडवारी जावे.

शेंडीहून राजूरकडे जाताना रंधा धबधबा लागतो. प्रवरा येथे खोल घळीत कोसळते. वीजनिर्मितीसाठी पाणी वळवल्यापासून तो मुख्यत्वे पावसाळ्यातच भरून वाहतो. काठावर घोरपडादेवीचे मंदिर आहे. याच मुलखातील देवगावचे राघोजी भांगरे यांनी इंग्रज सत्ता आणि सावकारशाहीविरुद्ध बंड केले. २ मे १८४८ रोजी त्यांना ठाण्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आली. भंडारदऱ्याच्या जलाशयाला आता त्यांचे नाव आहे.

यातील बहुतेक भाग १९८६ मध्ये घोषित झालेल्या कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात (३६१.७१ चौ. किमी.) येतो. मेअखेर ते जूनमध्ये, पहिल्या पावसाच्या आगेमागे, हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ या झाडांवर काजवे लाखोंनी चमकतात. नर काजवे उजेडाच्या खुणेने मादीला शोधतात, म्हणून गाड्यांचे दिवे व टॉर्च त्यांच्या मिलनातच अडथळा आणतात. गाडी दूर उभी करून अंधारात चालत जाणे हाच काजवे पाहण्याचा रास्त मार्ग. सप्टेंबरमध्ये उतारांवर सोनकी फुलते. गडांसाठी ऑक्टोबर ते फेब्रुवारी हे महिने उत्तम. घाटघर-रतनवाडीचा जुलैतला पाऊस अंगावर घेण्यासारखा असला, तरी धुक्यात पाच पावलांपुढचे दिसत नाही.

मुक्कामासाठी शेंडीला पर्यटन महामंडळाचे निवास व खासगी हॉटेले आहेत, तलावाकाठी तंबू आहेत, आणि बारी, रतनवाडी, साम्रद या गावांत घरगुती सोय होते. जेवणात नागलीची भाकरी, पिठले, ठेचा आणि स्थानिक भात मिळतो. काळभात, जिरवेल हे या तालुक्याचे सुवासिक जुने वाण. देशी बियाणे जपल्याबद्दल पद्मश्री मिळालेल्या राहीबाई पोपेरे याच तालुक्यातील कोंभाळण्याच्या. गावात जेवण आगाऊ सांगावे लागते, आणि त्याचे पैसे थेट त्या घरात जातात. एकच रात्र हाताशी असेल, तर ती धरणाजवळच्या हॉटेलात न घालवता रतनवाडीला काढावी.