जांभ्या मातीतले पिवळे पान : पूर्णगड परिसरातील निदानाचा इतिहास

मुचकुंदी नदी लांजा तालुक्यात माचाळच्या डोंगरात उगम पावते आणि रत्नागिरी शहराच्या दक्षिणेला, पूर्णगडाच्या पायथ्याशी समुद्राला मिळते. उत्तर तीरावरच्या टेकडीवर छोटासा किल्ला आहे, त्याखाली खाडीकाठचे गाव आणि पलीकडे गावखडी. पेशवाई संपली तेव्हा, १८१८ मध्ये, किल्ला इंग्रजांकडे गेला आणि त्याचे लष्करी महत्त्व सरले. गावाचे जगणे मात्र मासेमारी, भातशेती आणि नारळ-पोफळीच्या आगरांवर पुढे चालू राहिले. या जगण्यात झाडाचे पान पिवळे पडणे ही नेहमीच गंभीर बाब होती. नारळाचे झाड साठ वर्षे आणि त्याहून अधिक काळ फळते. त्याचे दुखणे ओळखण्यात चूक झाली तर तिची झळ पुढच्या पिढीलाही लागते.

पूर्णगडाच्या थोड्याशा परिसरात चार तऱ्हेची जमीन आढळते. माथ्यावर कातळाचा सडा, उतारावर वरकस, घरांभोवती आणि किनाऱ्यालगत आगरांची पुळणवट, आणि खाडीच्या कडेला भरतीच्या पाण्याशी झगडणारी खाजणे. या चारही ठिकाणी पान पिवळे पडते. कारण मात्र प्रत्येक ठिकाणी निराळे असते. म्हणूनच इथल्या निदानाचा इतिहास मातीपासून सुरू होतो.

सडा आणि उतार जांभ्याचे आहेत. या दगडाला शास्त्रीय नाव मिळाले ते केरळात. फ्रान्सिस बुकानन यांनी १८०० साली मलबारात प्रवास करताना अंगाडीपुरम येथे विटांसारखा कापला जाणारा हा दगड पाहिला आणि १८०७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रवासवर्णनात त्याला ‘लॅटेराइट’ म्हटले. कोकणातला जांभा त्याच जातीचा. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि तो बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच कोसळतो. हे पाणी मातीतील चुना, मॅग्नेशियम आणि पालाश धुऊन नेते. मागे उरतात ती लोह आणि ॲल्युमिनियम यांची संयुगे. माती लाल दिसते ती लोहामुळे आणि आम्ल होते ती चुन्यासारखी द्रव्ये वाहून गेल्यामुळे. स्फुरद मातीत असले तरी लोह व ॲल्युमिनियम त्याला बांधून ठेवतात, त्यामुळे मुळांना ते पुरेसे मिळत नाही. नत्रही पावसात लवकर झिरपून जाते. भरपूर पाणी आणि हिरवीगार झाडी असलेल्या या प्रदेशात झाडांची उपासमार होते, ती या कारणांनी.

जुन्या शेतकऱ्यांना ही रसायने ठाऊक नव्हती, पण उपाय ठाऊक होते. वरकस जमिनीवर नाचणी, वरी, हरीक अशी पिके काही वर्षे घेतली की रोपे खुरटी व फिकी दिसू लागत आणि उत्पन्न घटे. मग ती जमीन काही वर्षे पड ठेवली जाई. तेवढ्या काळात गवत आणि झुडपे वाढून मातीत पुन्हा पालापाचोळा मिसळे. भाताच्या रोपवाटिकेसाठी राब भाजला जाई. उन्हाळ्यात झाडांच्या कवळ्या तोडून त्या शेण, गवत आणि पाचोळा यांच्यासह वाफ्यावर पसरत, वरून मातीचा पातळ थर देत आणि सावकाश जाळत. राबात उगवलेले रोप गर्द हिरवे आणि जोमदार असते, तर न भाजलेल्या वाफ्यातले फिकट आणि तणाने दबलेले असते, हा फरक कोकणातला प्रत्येक शेतकरी डोळ्यांनी पाहत आला होता.

या राबावरूनच एकोणिसाव्या शतकात सरकार आणि शेतकरी आमनेसामने आले. वनखात्याला कवळ्या तोडणे म्हणजे जंगलाचा नाश वाटे. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतून तक्रारी वाढल्यावर मुंबई सरकारने १८८५ मध्ये वन आयोग नेमला. राब ही अडाणी रूढी आहे की शेतीची खरी गरज, हा प्रश्न त्या वादाच्या मुळाशी होता. भारतीय शेतीची पाहणी करण्यासाठी १८८९ मध्ये आलेले रसायनशास्त्रज्ञ जॉन ऑगस्टस व्होल्कर यांनीही १८९३ च्या अहवालात राबाची दखल घेतली. पुढे पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मान यांनी एन. व्ही. जोशी आणि एन. व्ही. कानिटकर यांच्यासह या पद्धतीचा प्रयोगशाळेत आणि शेतात अभ्यास केला. त्यांचा प्रबंध १९१२ मध्ये प्रसिद्ध झाला. राखेतून मिळणाऱ्या पालाशाबरोबरच मातीला बसणारी उष्णताही महत्त्वाची ठरते, हा मुद्दा या अभ्यासातून पुढे आला. उष्णतेने तणाचे बी मरते, मातीतील जिवाणूंचा समतोल बदलतो आणि अन्नद्रव्ये रोपाला लवकर मिळू लागतात. पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवाला मराठी मुलखातल्या संशोधकांनी दिलेला हा सन्मान मोलाचा आहे.

याच काळात युरोपात पानाच्या रंगाचा अर्थ उलगडत होता. युस्टस फॉन लीबिग यांनी १८४० मध्ये वनस्पतींच्या खनिज पोषणाचा सिद्धान्त मांडला. फ्रान्समध्ये युजेब ग्री यांनी १८४० च्या दशकात पिवळ्या पडलेल्या पानांवर लोहक्षाराचे पाणी लावून ती पुन्हा हिरवी करून दाखवली. युलियस फॉन झाक्स यांनी १८६० च्या सुमारास मातीविना, केवळ क्षार विरघळवलेल्या पाण्यात झाडे वाढवली. त्यामुळे एकेक द्रव्य वगळून झाडावर काय परिणाम होतो हे पाहता येऊ लागले. हरितद्रव्याच्या रेणूत मॅग्नेशियम असते हे रिचर्ड विलश्टेटर यांनी सिद्ध केले. वनस्पतींच्या रंगद्रव्यांवरील संशोधनाबद्दल त्यांना १९१५ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे अमेरिकेत १९४१ मध्ये पिकांच्या उपासमारीच्या खुणांवर आणि इंग्लंडमध्ये १९४३ मध्ये टी. वॉलेस यांचा दृश्य लक्षणांवरून निदान करण्यावर सचित्र ग्रंथ निघाला. पान पाहून कमतरता ओळखण्याची पद्धत अशी शास्त्रात रुजली.

या पद्धतीचा पाया एका साध्या नियमावर आहे. नत्र, पालाश आणि मॅग्नेशियम ही द्रव्ये झाडाच्या अंगात हलू शकतात. ती कमी पडली की झाड जुन्या पानांतून ती काढून कोवळ्या पानांना पुरवते, म्हणून पिवळेपणा खालून सुरू होतो. लोह आणि गंधक फारसे हलत नाहीत. त्यांची उणीव नव्या पानांत, म्हणजे शेंड्याकडे, आधी दिसते. पिवळेपणाची तऱ्हाही बोलकी असते. सबंध जुने पान एकसारखे फिके पडले तर नत्र, कडा पिवळ्या होऊन करपल्या तर पालाश, शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा झाला तर मॅग्नेशियम. आणि हेच शिरांचे जाळे कोवळ्या पानात दिसले तर लोह. कुंडीतल्या रोपापासून उंच माडापर्यंत मातीत वाढणाऱ्या सर्व झाडांना हा नियम लागू पडतो.

कोकणाच्या मातीत हा नियम पडताळून पाहण्याचे काम स्वातंत्र्यानंतर जोमाने सुरू झाले. नारळ संशोधनाची सुरुवात १९१६ मध्ये कासरगोडला झाली होती. रत्नागिरीजवळ भाट्ये येथे १९५५ मध्ये नारळ संशोधन केंद्र स्थापन झाले. भाट्ये काजळी नदीच्या मुखाशी आहे, त्यामुळे तिथले अनुभव पूर्णगडसारख्या खाडीमुखाच्या गावांना जवळचे ठरले. दापोलीला १८ मे १९७२ रोजी कोकण कृषी विद्यापीठ सुरू झाले आणि जांभ्या मातीच्या प्रश्नांना हक्काचे घर मिळाले.

माडाच्या बाबतीत सर्वांत आधी नैसर्गिक पिवळेपणा वेगळा काढावा लागतो. माड वर्षाला साधारण बारा ते चौदा नव्या झावळ्या काढतो आणि जवळपास तितक्याच जुन्या गळतात. अगदी तळाची एखाददुसरी झावळी पिवळी होऊन सुकणे हा आजार नाही. मात्र खालच्या अनेक झावळ्या एकदम पिवळ्या पडल्या, त्यांतही उन्हातला भाग पिवळा आणि सावलीतला हिरवा राहिला, तर मॅग्नेशियमची कमतरता असल्याचा संशय बळकट होतो. आम्ल, धुपलेल्या मातीत ती वारंवार आढळते. तिच्यावर मॅग्नेशियम सल्फेट आळ्यात दिले जाते. पात्यांची टोके आणि कडा करपत गेल्या तर पालाशाकडे लक्ष द्यावे लागते, कारण नारळाला नत्राहूनही पालाश जास्त लागते. जांभ्यात लोहाची उणीव क्वचितच येते. पण समुद्रकाठच्या रेतीत शिंपल्यांचा चुरा मिसळलेला असेल तर चुन्यामुळे लोह अडकून पडते आणि कोवळी पाने फिकी होतात. एकाच गावात वरच्या आणि खालच्या वाडीचे निदान त्यामुळे वेगळे होऊ शकते.

किनाऱ्यावरच्या एका जुन्या चालीला विज्ञानाने उशिरा दुजोरा दिला. नारळ लावताना खड्ड्यात मीठ टाकण्याची पद्धत कोकणात आणि केरळात पूर्वापार आहे. वाळवी दूर राहते आणि झाड जोम धरते असा लोकांचा अनुभव होता. वनस्पतींना क्लोरीन आवश्यक असते हे १९५४ मध्ये कॅलिफोर्नियातील संशोधकांनी दाखवले. १९७१ मध्ये ओलान्ये आणि ऑक्स या फ्रेंच संशोधकांनी तेलमाड आणि नारळ यांच्या पोषणात क्लोरीनचे महत्त्व मांडले. मिठातून मिळते ते हेच द्रव्य. आगरांत माशांचे खत घालण्याची रीतही तशीच नेमकी होती. मासेमारीच्या गावात ते सहज मिळे आणि धुपलेल्या मातीला नत्र व स्फुरद दोन्ही पुरवी.

तेच मीठ खाजणात मात्र भाताचा शत्रू ठरते. बांध फुटला किंवा उघाडी, म्हणजे बांधातले पाण्याचे दार, नीट मिटली नाही की भरतीचे पाणी शेतात शिरते. भाताच्या पानांची टोके पांढरट-पिवळी होऊन वाळत जातात. इथे खत टाकून काहीच साधत नाही. बांध दुरुस्त करणे आणि पावसाच्या गोड्या पाण्याने क्षार धुऊन काढणे हाच उपाय. खारबंदिस्ती एकट्या शेतकऱ्याच्या आवाक्याबाहेरची असल्याने १९४८ मध्ये मुंबई राज्याने आणि १९७९ मध्ये महाराष्ट्राने खारभूमीसाठी कायदा केला. गोड्या पाण्याखालच्या भातातही जस्ताअभावी पाने पिवळी-तांबूस होऊ शकतात. पंतनगरच्या वाय. एल. नेने यांनी १९६६ मध्ये तराईतल्या ‘खैरा’ रोगाचे मूळ जस्ताच्या कमतरतेत शोधले, तोवर तो जंतूंचा किंवा किडींचा प्रताप असावा असे मानले जाई.

रोग, कीड आणि पाणी हीही पिवळेपणाची कारणे आहेत. पोफळीच्या बागेत पाट वाहता राहिला आणि निचरा झाला नाही तर मुळे गुदमरतात आणि अन्न असूनही पान पिवळे पडते. सोंड्या भुंगा माडाचे खोड आतून पोखरतो तेव्हा झावळ्या पिवळ्या होऊन मान टाकतात. खोडावरची छिद्रे आणि त्यांतून गळणारा तांबूस चिकट रस पाहिल्याशिवाय हे निदान होत नाही. केरळात विसाव्या शतकाच्या आरंभी पोफळीचा पिवळ्या पानांचा रोग नोंदवला गेला. त्याचा संबंध फायटोप्लाझ्मा या अतिसूक्ष्म जीवांशी असल्याचे पुढे आढळले. वनस्पतींत असे जीव असतात हेच मुळी १९६७ मध्ये जपानी संशोधकांनी प्रथम दाखवले.

इतक्या कारणांची लक्षणे एकमेकांत मिसळतात, म्हणून एकट्या डोळ्यांवर विसंबणे धोक्याचे असते. माती आणि पान यांची तपासणी ही निदानाची पुढची पायरी आहे. १९ फेब्रुवारी २०१५ रोजी सुरू झालेल्या मृदा आरोग्य पत्रिका योजनेत सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मंगल आणि बोरॉन अशा बारा घटकांची नोंद होते. जांभ्या मातीसाठी सामूचा आकडा सर्वांत आधी वाचावा लागतो, कारण आम्लता न सुधारता दिलेले स्फुरद बहुतांशी मातीतच अडकते. मॅग्नेशियम मात्र या बारा घटकांत नाही. माडाची जुनी झावळी पिवळी पडत असेल तर त्याची तपासणी वेगळी सांगून करून घ्यावी लागते.

पूर्णगड परिसरात निदानाचा क्रम त्यामुळे असा ठरतो. आधी जमीन कोणती ते पाहायचे, मग निचरा आणि खारे पाणी, मग खोड व शेंडा किडीसाठी तपासायचा, मग पिवळेपणा जुन्या पानांत आहे की नव्या ते बघायचे आणि शेवटी मातीच्या अहवालाशी ताडून खत ठरवायचे. राब भाजणाऱ्या आणि खड्ड्यात मीठ टाकणाऱ्या शेतकऱ्यांनी यातला मोठा भाग निरीक्षणाने साध्य केला होता. गेल्या दीडशे वर्षांतील संशोधनाने त्याला कारणे दिली आणि प्रमाण ठरवून दिले.