धिरडे, भाज्यांचे

कडधान्याच्या वा तृणधान्याच्या पिठात, अथवा उभयतांच्या मिश्रणात, किसलेल्या किंवा बारीक चिरलेल्या भाज्या, मीठमसाला व पाणी घालून केलेले सरबरीत पीठ तापल्या तव्यावर पसरून दोन्ही अंगांनी भाजले असता जो पातळ, मध्ये मऊ व कडेला कुरकुरीत जिन्नस सिद्ध होतो, त्यास महाराष्ट्रात धिरडे म्हणतात. आंबोळीप्रमाणे रात्रभर आंबवण्याची त्यास सामान्यतः गरज नसते, आणि थालीपिठाप्रमाणे घट्ट गोळा थापण्याचे कसबही लागत नाही. त्यामुळे अवेळी पाहुणे आले, भाजी बेताची उरली किंवा मुले भुकेली होऊन स्वयंपाकघरात आली, की धिरड्यांचा बेत ठरतो. या निकडीच्या उपयोगामुळेच त्याची गणना पुष्कळदा दुय्यम पदार्थांत केली जाते, हे मात्र न्याय्य नाही. कारण डाळ, धान्य, भाजी आणि स्निग्धांश ही चारही एकाच तव्यावर, अर्ध्या तासाच्या आत, सबंध कुटुंबाच्या पानांत आणून देणारे असे पदार्थ आपल्या मुदपाकखान्यात फार नाहीत.

डाळीचा पातळ पदार्थ तव्यावर भाजण्याचा रिवाज दख्खनला जुना आहे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकातील संस्कृत ग्रंथात, अन्नभोगाच्या विवेचनात, डाळींपासून केलेल्या ‘धोसक’ नामक पदार्थाचा निर्देश आढळतो. मिरची व टोमॅटो हे अमेरिका खंडातील जिन्नस धिरड्यात त्यानंतर कित्येक शतकांनी आले, आणि बेसनाच्या ज्या धिरड्यात टोमॅटो भरपूर असतो ते तर आता घरोघरी व उपाहारगृहांतून ‘टोमॅटो ऑम्लेट’ या नावानेच ओळखले जाते. कोकणात तांदळाचे घावन, गुजरातेत पुडला, उत्तरेकडे चिल्ला, आंध्रात हिरव्या मुगाचे पेसरट्टु ही त्याची भावंडे होत. भूमध्य सागराच्या किनारी नीस येथील सोक्का व जेनोआ येथील फारिनाता हेही हरभऱ्याच्या पिठाचेच, परंतु ते भट्टीत भाजतात.

चार माणसांच्या कुटुंबासाठी दोन वाट्या बेसन, अर्धी वाटी ज्वारीचे व अर्धी वाटी तांदळाचे पीठ, दोन वाट्या भाजी आणि अडीच वाट्यांच्या आसपास पाणी या प्रमाणाने दहाबारा धिरडी होतात. बेसन बांधणी करते, ज्वारी पोत देते व तांदूळ कुरकुरीतपणा आणतो. नुसत्या बेसनाचे धिरडे मऊ परंतु जड होते. हळद, तिखट, हिंग, ओवा, वाटलेले आलेलसूण व मूठभर कोथिंबीर एवढा मसाला पुरे. पाण्याऐवजी काही अंशी ताक वापरल्यास आंबटपणा सुखद येतो. पाणी थोडेथोडे घालीत पीठ प्रथम घट्ट फेटावे व मग सैल करावे, म्हणजे गुठळ्या राहत नाहीत. आणि दहापंधरा मिनिटे ते तसेच ठेवावे, म्हणजे पिठाच्या कणांत पाणी मुरून धिरडे मोडत नाही.

धिरडे बिघडते ते बहुधा भाजीतील पाण्यामुळे. मीठ लागले की भाजीच्या पेशींतील पाणी बाहेर ओढले जाते, आणि सकाळी योग्य वाटलेले पीठ तासाभराने तव्यावर वाहू लागते. यास्तव मीठ व भाजी ही दोन्ही अगदी तवा तापत असताना घालावीत. दुधी व काकडी यांचा कीस पिळून रस टाकून देण्याची पुष्कळांची सवय आहे, ती सोडावी. त्या रसातच पीठ भिजवले, तर पाण्याचे प्रमाण आपोआप बेतात राहते व पोषक अंशही वाया जात नाहीत. गाजर, कोबी, कांदा, पालक, मेथी, शेवग्याचा कोवळा पाला या धिरड्याच्या अव्वल भाज्या. पालेभाजी मात्र धुऊन पूर्ण निथळलेली हवी. फ्लॉवर, फरसबी यांसारख्या दणकट भाज्या दोनतीन मिनिटांच्या भाजणीत शिजत नाहीत, त्या आधी वाफवून घ्याव्यात. भेंडी चिकटपणामुळे या कामी निरुपयोगी होय.

तवा बिडाचा किंवा जाड लोखंडी असावा. नित्य वापराने त्यावर तेलाचा जो काळा, गुळगुळीत थर बसतो, तोच धिरडे सोडवण्यास साह्य करतो, म्हणून असा तवा राखेने खरवडून घासू नये. पाण्याचा शिंतोडा पडताच तडतडून नाहीसा झाला म्हणजे तवा तापला असे समजावे. मग कांद्याच्या अर्ध्या फोडीने तेल फिरवून, आच किंचित मंद करून, पळीभर पीठ मधोमध घालून पळीच्या पाठीने बाहेर पसरावे. तांदळाचे पातळ पीठ याच्या उलट, कडेकडून आत ओतावे लागते. पाण्याची वाफ होऊन निघाली की जाळी पडते. झाकण ठेवून मिनिटभर वाफ द्यावी, कारण कच्चट राहिलेले बेसन पोटास जड पडते. कडा आपणहून सुटू लागल्या म्हणजेच कालथा लावावा, त्यापूर्वी घाई करू नये.

पोषणाच्या दृष्टीने पाहता शंभर ग्रॅम हरभऱ्याच्या डाळीत सुमारे २१ ग्रॅम प्रथिने असतात. डाळींत लायसिन हे आवश्यक अमिनो आम्ल भरपूर, पण मेथिओनिन बेताचे असते. धान्यांत स्थिती नेमकी उलट असल्याने दोहोंच्या मिश्रणाने एकाची उणीव दुसरे भरून काढते. गाजर व पालेभाज्यांतील कॅरोटीन स्निग्धांशाच्या संगतीनेच शरीरात चांगले शोषले जाते, म्हणून तव्यावरचे चमचाभर तेल केवळ चवीसाठी नसते. डाळीतील व पालेभाजीतील लोह अंगी लागावे याकरिता पानात लिंबाची फोड ठेवण्याचा दस्तूर उत्तम. वाढत्या मुलांच्या घरी ज्वारीच्या जागी नाचणीचे पीठ घेतल्यास आणखी बरे. शंभर ग्रॅम नाचणीत कॅल्शियम ३४० मिलिग्रॅमच्या आसपास असते.

एकाच पिठातून सर्वांची सोय लावण्याची तजवीज अशी : तिखट घालण्यापूर्वी लहान मुलांची तळहाताएवढी धिरडी भाजून घ्यावीत व त्यांवर लोणी द्यावे; वृद्धांसाठी पीठ थोडे सैल करून झाकणाखाली मऊ काढावीत; उरलेल्या पिठात मिरची व लसूण सढळ हाताने घालून इतरांची पाने वाढावीत, सोबत दही किंवा शेंगदाण्याची चटणी. ज्या घरी दोघेही कामास जातात, तेथे तिन्ही पिठे, हळद व ओवा एकत्र करून हवाबंद डब्यात भरून ठेवणे श्रेयस्कर. भाजी घातलेले पीठ मात्र दुसऱ्या दिवसासाठी राखू नये, कारण ते पाणी सुटून पातळ होते, आंबते व त्यातील पालाही काळवंडतो.