बेंगळुरूची विरळ हवा आणि जुन्या मोटारीचे ॲव्हरेज

6 फेब्रुवारी 2023 रोजी बेंगळुरू येथे भरलेल्या ‘इंडिया एनर्जी वीक’मध्ये 20 टक्के इथेनॉल असलेल्या ई-20 पेट्रोलचा देशात प्रारंभ झाला. त्यानंतर जुन्या मोटारींच्या मालकांकडून एक तक्रार वारंवार ऐकू येऊ लागली : ॲव्हरेज घटले. दोष इंधनाचा की मोटारीचा? या प्रश्नाला बेंगळुरूत बराच जुना इतिहास आहे आणि त्याचे मूळ पेट्रोलइतकेच हवेतही आहे.

इंजिनात पेट्रोल एकटे जळत नाही. 1 किलो शुद्ध पेट्रोलच्या पूर्ण ज्वलनास सुमारे 14.7 किलो हवा लागते. हे प्रमाण राखण्याचे काम शतकभर कार्ब्युरेटरने केले. अरुंद गळ्यातून वाहताना प्रवाहाचा वेग वाढतो व दाब घटतो, हे इटलीच्या व्हेंचुरी यांनी 1797 मध्ये मांडले होते. जर्मनीत विल्हेल्म मायबाख यांनी 1893 च्या सुमारास फवाऱ्याचा कार्ब्युरेटर सिद्ध केला. गळ्यातील कमी दाबामुळे जेटच्या बारीक छिद्रातून पेट्रोल ओढले जाते व हवेत मिसळते.

या साध्या यंत्रात एक उणीव होती : ते हवेचे वजन ओळखत नाही. बेंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे 920 मीटर उंचीवर वसले आहे. तेथील हवा मुंबईच्या हवेहून सुमारे 9 टक्के विरळ आहे. कार्ब्युरेटरमधील इंधन व हवा यांचे गुणोत्तर हवेच्या घनतेच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात बदलते. परिणामी, मुंबईत नेमकी जुळवलेली मोटार बेंगळुरूत आली की तिचे मिश्रण, काहीही न बिघडता, 4 ते 5 टक्के ‘रिच’ होते.

वालचंद हिराचंद यांनी 1940 मध्ये बेंगळुरूत हिंदुस्थान एअरक्राफ्टची आणि 1944 मध्ये मुंबईत प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. प्रीमियरच्या कुर्ल्यातील कारखान्यातून निघालेल्या फियाट मोटारी देशभर धावल्या. त्या समुद्रकाठी जन्मलेल्या आणि पठारावर राबलेल्या मोटारींचे निदान गॅरेजमधले मिस्त्री स्पार्क प्लग काढून करीत. टोक काजळीने काळे असेल तर पेट्रोल जास्त, पांढुरके असेल तर हवा जास्त, विटकरी-तपकिरी असेल तर मिश्रण योग्य. मग तुंबलेला एअर फिल्टर, अडकलेला चोक, झिजलेला जेट, कार्ब्युरेटरमधील फ्लोटची पातळी असे एकेक कारण तपासले जाई. हे प्लग देशातच बनावेत यासाठीचा महत्त्वाचा प्रयत्नही याच शहरातला. 1951 मध्ये स्थापन झालेल्या ‘मायको’ने आडुगोडी येथे स्पार्क प्लग आणि डिझेलचे इंधन-पंप बनवण्यास आरंभ केला.

डोळ्यांनी होणारे हे निदान संवेदकाकडे गेले ते वॉल्टर नेर्न्स्ट यांच्या विद्युतरसायनशास्त्रामुळे. तापलेल्या झिरकोनियाच्या दोन बाजूंस ऑक्सिजनचे प्रमाण वेगळे असेल तर विद्युतदाब निर्माण होतो. या तत्त्वावरचा लॅम्बडा संवेदक बॉशने 1976 मध्ये उत्पादनात आणला व व्होल्वोच्या मोटारींत तो प्रथम बसला. धुरातील ऑक्सिजन मोजून संगणक पेट्रोल कमी-जास्त करू लागला. मात्र शिसेयुक्त पेट्रोलमुळे असा संवेदक आणि त्याच्या सोबतीचा उत्प्रेरक दोन्ही निकामी होतात. 1 फेब्रुवारी 2000 पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल मिळू लागले, एप्रिल 2003 मध्ये बेंगळुरूसह निवडक शहरांत भारत स्टेज-2 निकष लागू झाले, आणि कार्ब्युरेटरचा काळ मावळला.

आता पुन्हा इथेनॉल. तेही बेंगळुरूला अपरिचित नाही. 1950 च्या दशकात भारतीय विज्ञान संस्थेत प्रा. हावेमान व सहकाऱ्यांनी डिझेल इंजिनात अल्कोहोलच्या वापराचा अभ्यास केला होता. इथेनॉलच्या रेणूत ऑक्सिजन आधीच असतो. म्हणून त्याला हवा कमी लागते, पण प्रतिलिटर ऊर्जाही पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी मिळते. 20 टक्के मिश्रणात ही तूट 6 ते 7 टक्क्यांवर येते. ई-0 साठी रचलेल्या व ई-10 शी जुळवलेल्या चारचाकींच्या बाबतीत नीती आयोगाच्या 2021 च्या अहवालानेही एवढीच घट अंदाजली होती.

यातून एक लक्षवेधी गणित निघते. शुद्ध पेट्रोलसाठी जुळवलेल्या कार्ब्युरेटरचे मिश्रण ई-20 मुळे 7 ते 8 टक्के ‘लीन’ होते. बेंगळुरूची उंची ते 4 ते 5 टक्के ‘रिच’ करते. मुंबईत जुळवलेल्या मोटारीत पठारावर दोन्ही परिणाम अंशतः एकमेकांना छेदतात. समुद्रकाठी ती सवलत नाही. संवेदक असलेल्या मोटारीत संगणक तेवढे पेट्रोल आपण होऊन वाढवतो. स्कॅनरवर ‘फ्यूएल ट्रिम’ म्हणून दिसणारी ही वाढ पाहून धडधाकट संवेदक किंवा इंजेक्टर बदलणे म्हणजे ताप मोजून थर्मामीटर फेकून देणे होय.

निदानाचा क्रम म्हणूनच हिशेबाचा असावा. फुल टँक ते फुल टँक असे तीन-चार वेळा मोजून खरी घट काढावी. 6-7 टक्क्यांपर्यंतची घट इंधनाच्या खात्यावर जाऊ शकते. 15-20 टक्के असेल तर उरलेला भाग मोटारीचा : टायरमधली कमी हवा, चाकाला घासणारा ब्रेक, उघडाच अडकलेला थर्मोस्टॅट, सुस्तावलेला ऑक्सिजन संवेदक. थर्मोस्टॅट उघडा राहिला की इंजिन तापत नाही, आणि संगणक थंड इंजिनाला द्यावे तसे जादा पेट्रोल देत राहतो.

प्लगचा रंग वाचणारा मिस्त्री आणि मिलिव्होल्ट वाचणारा संगणक एकच प्रश्न विचारतात : जळताना ऑक्सिजन पुरला का? त्याचे उत्तर मिळण्याआधी बदललेला प्रत्येक सुटा भाग हा केवळ खर्च असतो.